माईकची शिट्टी आणि गायकाचा कान

शाळेचे स्नेहसंमेलन असो, नवरात्रातील भजनाचा कार्यक्रम असो की हरिनाम सप्ताहातील कीर्तन असो, त्याची सुरुवात बहुधा एका ठरावीक प्रसंगाने होते. कोणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो' म्हणते आणि उत्तरादाखल स्पीकरमधून कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. माईकवाला मशीनचे बटण मागे फिरवतो आणि शिट्टी थांबते. थोड्या वेळाने गायक तक्रार करतो, 'मला माझाच आवाज ऐकू येत नाही.' बटण पुन्हा पुढे सरकते आणि शिट्टी पुन्हा हजर होते.

शिट्टी आणि तक्रार या दोन वेगळ्या अडचणी आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. गायकाला त्याचा आवाज ऐकवायचा, पण तोच आवाज माईकला मात्र ऐकू द्यायचा नाही, हा तो प्रश्न. रंगमंचावरील ध्वनिव्यवस्थेचे बहुतेक कौशल्य याच्याभोवती फिरते. विशेष म्हणजे त्याचे उत्तर बटण पुढे सरकवण्यात नसते. माईक कोठे, स्पीकर कोठे आणि त्यांची तोंडे कोणत्या दिशेला, यात ते असते.

दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे किंवा शेजारच्या दिग्रस, नेर, आर्णी या भागात कार्यक्रम ठरला की बिछायत केंद्रातून मंडप आणि सतरंज्यांबरोबर माईकसेटही येतो. तो चालवणारा तरुण हे काम कोणाच्या तरी हाताखाली शिकलेला असतो. आधी वायरी गुंडाळायच्या, मग स्टँड लावायचे आणि बऱ्याच दिवसांनी मिक्सरला हात लावायचा. हे शिक्षण खरे असते, पण त्यात 'असे कर' असते आणि 'का' क्वचितच असतो. तो 'का' आठवी-नववीच्या ध्वनीच्या धड्यात आणि बीजगणितातील भूमिती श्रेढीत दडलेला आहे. म्हणून हा विषय आम्ही शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

गायकाला स्वतःचा आवाज का हवा?

बोलताना आणि गाताना आपला कान आपल्या गळ्यावर सतत देखरेख करत असतो. ही देखरेख बिघडली की गळाही बिघडतो. फ्रान्समधील कान-घशाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिले की, आसपास गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. त्यांच्या नावाने हा परिणाम आज ओळखला जातो. टाळ, पेटी, तबला आणि समोरचा जमाव यांच्यामध्ये बसलेल्या भजनगायकाचे हेच होते. आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओरडून गातो, सूर चढतो आणि तासाभरात घसा बसतो.

दुसरा परिणाम याहून चमत्कारिक आहे. १९५० साली बर्नार्ड ली यांनी बोलणाऱ्या माणसाला त्याचाच आवाज किंचित उशिराने ऐकवला, तेव्हा तो अडखळू लागला. हा उशीर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असला की अडखळणे सर्वांत जास्त होते. आता शाळेचे मैदान डोळ्यांपुढे आणा. भोंगे इमारतीकडे तोंड करून लावले आहेत आणि इमारत ३४ मीटर दूर आहे. ध्वनीला जाऊन-येऊन ६८ मीटर अंतर पडते. सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने त्याला बरोबर ०.२ सेकंद लागतो. मैदानावर सूचना देणाऱ्या क्रीडाशिक्षकांची जीभ का अडखळते, याचे कारण येथे सापडते. गायकाचा तर तालच सुटतो. त्याला जवळून, उशीर न होता त्याचा आवाज ऐकवला, तर दुरून येणारा प्रतिध्वनी तुलनेने फिका पडतो.

यासाठी गायकाकडे तोंड करून जो वेगळा स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकरांशी त्याचा संबंध नसतो. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे गायले, तेव्हा त्यांच्यापुढे असे स्पीकर नव्हते आणि किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे गाणे ऐकू येत नव्हते. त्यानंतरच्या काळात मॉनिटर ही मोठ्या रंगमंचावरील नित्याची वस्तू झाली.

शिट्टीचे गणित

मॉनिटर आला की प्रश्न बिकट होतो, कारण आता माईकच्या अगदी जवळ एक स्पीकर आहे. माईकमध्ये गेलेला आवाज मशीनमध्ये वाढतो, स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्याचा काही भाग हवेतून पुन्हा माईकमध्ये शिरतो. हे एक वर्तुळ आहे. समजा, गायकाचा आवाज माईकपाशी १ एकक आहे आणि एक फेरी मारून त्याचा निम्मा, म्हणजे ०.५ एकक, परत येतो. दुसऱ्या फेरीनंतर ०.२५, तिसऱ्या फेरीनंतर ०.१२५ असे होत जाईल. या सर्वांची बेरीज १ ÷ (१ − ०.५), म्हणजे २ येते. परतीचा भाग ०.८ केला तर बेरीज ५ होते आणि ०.९ केला तर १०. तो १ झाला की श्रेढीला मर्यादाच उरत नाही. मशीन आणि स्पीकर आपल्या क्षमतेच्या टोकाला जाईपर्यंत आवाज वाढत राहतो. तीच शिट्टी.

मग शिट्टी एकाच सुरात का येते? परत आलेली लाट मूळ लाटेशी ताल जुळवून आली तरच ती तिच्यात भर घालते. मॉनिटर माईकपासून दीड मीटरवर असेल, तर ध्वनीला ते अंतर कापायला सुमारे ४.४ सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळे साधारण दर २३० हर्ट्झच्या अंतराने एकेक वारंवारता अशी असते की जिची लाट ताल जुळवून परतते. मधल्या वारंवारतांच्या लाटा उलट तालात येऊन आवाज कमीच करतात. ताल जुळणाऱ्या वारंवारतांपैकी जिला माईक, स्पीकर आणि भिंती मिळून सर्वांत जास्त साथ देतात, ती प्रथम शिट्टी घालते. मिक्सरवरील इक्वलायझरने नेमकी तेवढीच पट्टी खाली घेता येते. मात्र एकामागून एक अनेक पट्ट्या खाली घेतल्या, तर शिट्टीबरोबर गाणेही जाते. दोन-तीन पट्ट्यांनी भागत नसेल, तर मांडणी चुकली आहे असे समजावे.

शिट्टी येण्यापूर्वीही वर्तुळ आपले अस्तित्व जाणवून देते. परतीचा भाग ०.९ असेल, तर आवाज हजारांश होण्यास ६६ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ ०.३ सेकंद लागतो. ०.५ असेल तर १० फेऱ्या पुरतात. म्हणून शिट्टीच्या उंबरठ्यावर प्रत्येक शब्दामागे घुमणारी शेपटी लागते. ही शेपटी ओळखता येणे हा माईकवाल्याच्या शिक्षणातील पहिला धडा आहे. शिट्टीच्या सीमेपासून ६ डेसिबल मागे राहावे, असा जाणकारांचा संकेत आहे. ६ डेसिबल मागे म्हणजेच परतीचा भाग निम्मा.

अंतर, दिशा आणि संख्या

परतीचा भाग कमी ठेवून गायकाचा आवाज वाढवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अंतराचा. उगमापासूनचे अंतर निम्मे केले की ध्वनिदाब दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने जास्त होतो. ओठांपासून २० सेंटिमीटरवरचा माईक ५ सेंटिमीटरवर आणला, तर १२ डेसिबल फुकट मिळतात. मॉनिटरचे अंतर मात्र जवळजवळ तेवढेच राहते. जवळ आणल्यावर खर्ज फुगतो, तो मिक्सरवर थोडा कमी करावा.

दुसरा मार्ग दिशेचा. गाण्यासाठीचे बहुतेक माईक हृदयाकृती ग्रहणाचे असतात. समोरून आलेला आवाज ते पूर्ण घेतात, बाजूने आलेला निम्मा आणि बरोबर मागून आलेला जवळजवळ मुळीच नाही. म्हणून मॉनिटर माईकच्या पाठीशी, गायकाच्या कानाकडे तोंड करून ठेवावा. माईकची ही निवड त्याच्या जाळीखालील मागच्या छिद्रांमुळे होते. या छिद्रांतून शिरलेला आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पोचतो आणि स्वतःलाच खोडतो. जाळी मुठीत धरली की छिद्रे बंद होतात, माईक सर्व दिशांनी ऐकू लागतो आणि शिट्टी येते. गंमत अशी की शिट्टी आली की अनेक जण घाबरून माईक मुठीत झाकतात आणि ती वाढवतात.

तिसरा मार्ग संख्येचा. चालू असलेल्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीची सीमा सुमारे ३ डेसिबलने जवळ येते. एकाऐवजी चार माईक चालू असतील तर ६ डेसिबल गेले. निवेदकाचा माईक गाणे चालू असताना बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खंजिरीच्या भजनाचे उदाहरण घेऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भाच्या गावोगावी रुजलेल्या या भजनप्रकारात खंजिरी अनेकदा गाणाऱ्याच्याच हातात असते, म्हणजे तोंडापासून हातभर अंतरावर. गळ्याच्या माईकला ती आपोआप ऐकू जाते. मॉनिटरमध्ये गळा वाढवावा तर खंजिरीही वाढते. येथे उपाय हाच की माईक ओठांजवळ आणावा आणि खंजिरी त्याच्या बाजूला किंवा पाठीशी येईल असा तिरपा करावा.

शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी असते. गायकाला स्वतःचा गळा आणि पेटीचा सूर हवा, तबलजीला गळा हवा, पेटीवाल्याला तबला. म्हणून मिक्सरवर प्रत्येक माईकसाठी श्रोत्यांची सरकपट्टी वेगळी असते आणि मॉनिटरकडे किती आवाज पाठवायचा याचे बटण वेगळे असते. हे बटण सरकपट्टीच्या आधी जोडलेले असावे. तसे नसेल, तर श्रोत्यांसाठी केलेला प्रत्येक बदल गायकाच्या कानात गोंधळ करतो. गायकाने 'आवाज वाढवा' म्हटल्यावर चांगला माईकवाला आधी मॉनिटरमधील इतर वाद्ये कमी करून पाहतो.

रिकामे सभागृह फसवते

अमेरिकेतील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून सभागृहांतील निनादाचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्रानुसार निनादकाल = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. तालुक्याच्या गावातील मंगल कार्यालय २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे असे धरू. घनफळ १२०० घनमीटर आणि पृष्ठफळ ८०० चौरस मीटर. गुळगुळीत भिंती आणि फरशी ध्वनीचा सरासरी ४ टक्के भाग शोषतात असे मानले, तर शोषण ३२ येते आणि निनादकाल ६ सेकंद. प्रत्येक माणूस सुमारे ०.४५ चौरस मीटर शोषण आणतो असे धरले, तर दोनशे श्रोते बसल्यावर शोषण १२२ होते आणि निनादकाल १.६ सेकंदावर येतो. म्हणून दुपारी रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी संध्याकाळी बदलावी लागते. 'लोक आल्यावर बरे वाटेल' हा माईकवाल्यांचा अनुभव शास्त्राला धरून आहे.

शाळेत करून पाहण्याजोगे

शाळेचा माईकसेट, मीटरपट्टी आणि मोबाइलवरील वारंवारता दाखवणारे एखादे मोफत ॲप एवढे साहित्य पुरते. एकाने बटणावर सतत हात ठेवावा, आवाज तळापासून हळूहळू वाढवावा आणि कोणीही स्पीकरजवळ उभे राहू नये. स्पीकरपासून १, २ आणि ४ मीटरवर शिट्टी बटणाच्या कोणत्या अंकावर सुरू होते ते नोंदवावे. नंतर अंतर कायम ठेवून माईक ९० आणि १८० अंशांतून फिरवावा. मग जाळी मुठीत धरून पाहावे. शेवटी माईक हळूहळू दूर नेताना शिट्टीचा सूर आधी सरकतो आणि मग उडी मारतो, ते ॲपवर दाखवावे. हेच प्रयोग मैदानावर आणि वर्गात वेगवेगळे केले, तर वर्गात अंतराचा नियम लवकरच लंगडा पडतो. त्याचे कारण विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

दोन गोष्टी मात्र प्रयोगाने शिकायच्या नाहीत. माईकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर अर्थिंगमध्ये दोष आहे असे समजून सेट लगेच बंद करावा. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कधीही कापू नये, आणि मंडपाच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच असावा.

दुसरी गोष्ट कानाची. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर बंदी आहे, आणि काही सणांपुरती राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. श्रोता दोन तासांनी घरी जातो. माईकवाला मात्र हंगामभर रोज रात्री स्पीकरांच्या सान्निध्यात असतो आणि त्याचे पोट त्याच्या कानावर चालते. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. या धंद्यात शिरणारी मुले आपल्याच वर्गांतून जातात. माईक जवळ आणून बटण मागे घ्यायचे, हे त्यांना शाळेतच समजले तर गायकाचा घसा आणि त्यांचे कान दोन्ही वाचतील.