शेवटच्या रांगेपर्यंत ठेका

वीस ढोलांचं पथक एकटा प्रमुख सांभाळू शकतो. ढोल शंभरावर गेले की ते त्याच्या आवाक्यात राहत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यासारख्या अरुंद रस्त्यावर रांगा लांबतात आणि पहिल्या ताशापासून शेवटचा ढोल पन्नास मीटर मागे पडतो. तिथे ताशा पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. सेकंदाला दोन ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमधल्या अंतराचा जवळपास तिसरा हिस्सा वाटेतच गेला. मागचा वादक कानाने ऐकून इमानदारीत वाजवतो, तरी उशिरा वाजवतो. त्यात त्याची चूक काहीच नसते.

गणेशोत्सवाआधी पुण्यात मुठेच्या काठी पथकांचे सराव चालतात. ते पाहताना माझं लक्ष नेहमी मागच्या रांगांकडे जातं, कारण पथक किती मुरलंय ते तिथे कळतं. मुरलेल्या पथकात आवर्तन संपण्याआधीच प्रमुखाची बोटं वर जातात. दोन बोटं दिसली की पुढे दुसरा हात, म्हणजे दुसरा ठेका वाजणार. रांगप्रमुख ती खूण बघतात, आपापल्या रांगेला दाखवतात, आणि समेवर सगळे एकदम बदलतात. खूण आधी मिळाली म्हणून मागच्यांना पुढच्यांच्या मागे धावावं लागत नाही.

पण खुणेने फक्त बदल कळतो. बिघडलेला ठेका सावरायला जवळ माणूस लागतो. एका सरावात चौथी रांग लयीच्या पुढे पळायला लागली. लय सुटली की नवखे वादक घाबरून आणखी जोरात टिपरू हाणतात. मग ताशा ऐकूच येत नाही आणि गोंधळ वाढतो. त्या रांगेची प्रमुख कॉलेजात शिकणारी मुलगी होती. ती वादकांसमोर गेली, तळवा खाली दाबल्यासारखा केला आणि ओरडून म्हणाली, "हलकं घ्या! आधी ताशा ऐका!" रांगेने जोर कमी केला, ताशा कानावर आला, दोन आवर्तनांत ठेका जागेवर बसला. प्रमुख दादाने हे लांबून पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. वाढत्या पथकात हे न हलणं फार मोलाचं आहे. तो धावत आला असता, तर पुढच्या वेळी रांगेने त्याचीच वाट पाहिली असती.

अशी मुलगी आयती मिळत नाही. पथकात आलेला नवा मुलगा आधी ढोल वाहतो, दोऱ्या ताणायला शिकतो, फाटलेलं पान बदलतो, मिरवणुकीत पाणी देतो, गर्दी आवरायला दोर धरतो. या कामांत त्याला पथक बाहेरून दिसतं: कोण दमलंय, कोणाच्या बोटांना फोड आलेत, कोणाचा ढोल उतरलाय. पुढे रांग हाती आल्यावर हीच नजर उपयोगी पडते. पुण्यात ही शिस्त शाळांच्या पथकांतून रुजली. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, गरवारे ही नावं आजही आदराने घेतली जातात. शाळेत दरवर्षी जुनी मुलं बाहेर पडणारच, म्हणून धाकट्यांना तयार करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्याही पुढे जाते. चौकात खोळंबा होतो, खांदे भरून येतात, प्रमुखाचा घसा बसतो. तेव्हा पथक उभं राहतं ते रांगप्रमुखांवर. कोणाला ढोल उतरवून बसवायचं, त्याच्या जागी कोणाला घ्यायचं, हे तिथल्या तिथे ठरवण्याची मुभा त्यांना आधीच दिलेली असावी लागते.

वाढणारं दुकान, कारखाना, शाळा, बचत गट सगळीकडे हाच पेच येतो. माणसं वाढतात, सूचना एकाच तोंडून निघत राहतात, आणि मागे राहिलेल्यांवर आळसाचा ठपका बसतो. खरं तर त्यांच्यापर्यंत ठेका उशिरा पोहोचलेला असतो. उपाय पथकांनी करून दाखवला आहे: खूण वेळेआधी द्या, प्रत्येक रांगेत दुरुस्ती करू शकणारा माणूस ठेवा आणि त्याच्या कामात हात घालू नका. म्हणूनच पुढच्या वर्षी आणखी पन्नास ढोल घ्यायचे का, हे ठरवताना पैशांआधी एक गोष्ट मोजावी: त्या ढोलांपुढे उभे राहतील असे रांगप्रमुख यंदा तयार झाले का? झाले नसतील, तर वर्षभर थांबावं आणि आधी ते घडवावेत.