विश्लेषण : डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसते? बीएस-६ डिझेल इंजिनासाठी ही धोक्याची घंटा!

माहूर-किनवट भागात एकाच अंगणात ट्रॅक्टर, पिकअप आणि प्रवासी जीप उभी असणे नवे नाही. या सगळ्यांसाठी ऑइलचा कॅन मात्र अनेकदा एकच आणला जातो. जुन्या इंजिनांना ते चालून जात असे. बीएस-६ इंजिनात हीच सवय हजारो रुपयांचा खर्च मागे लावू शकते. ते का, आणि काळजी कशी घ्यायची?

ऑइलमध्ये नेमके काय असते?

इंजिन ऑइलचा मोठा भाग हा मूळ तेलाचा म्हणजे बेस ऑइलचा असतो. उरलेला साधारण १० ते २५ टक्के भाग अ‍ॅडिटिव्हचा. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंट इंजिनात तयार होणारे आम्ल मारतात आणि भाग स्वच्छ ठेवतात. जस्त-फॉस्फरसयुक्त घटक धातूची झीज रोखतात. डिस्पर्संट काजळीचे कण सुटे ठेवतात, त्यांचा गाळ होऊ देत नाहीत. त्यामुळे ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळे झाले, तर ते खराब निघाले असे नाही. बहुतेक वेळा ते आपले काम करत असते.

बीएस-६ ने काय बदलले?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. बहुतेक डिझेल वाहनांच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी बसली. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून ही जाळी मोकळी केली जाते. या क्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात.

काजळी जळते, राख मात्र जळत नाही. ही राख येते प्रामुख्याने ऑइलमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्तातून. इंजिन थोडे थोडे ऑइल जाळतच असते आणि त्याची राख जाळीत कायमची बसते. म्हणून अशा वाहनांना कमी राखेचे, ‘लो सॅप्स’ ऑइल लागते. गंधक घटल्याने आम्लही कमी तयार होते, त्यामुळे हे ऑइल पुरेसे ठरते.

कॅनवर ‘१५डब्ल्यू-४०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ असा आकडा असतो. तो फक्त घट्टपणा सांगतो, राख नव्हे. त्यासाठी ‘एसीईए सी३’ किंवा ‘एपीआय सीके-४’ यांसारखा दर्जा पाहावा लागतो. कोणता हवा, हे वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. कमी अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरना डीपीएफ नसतो. म्हणूनच ट्रॅक्टरचे ऑइल जीपला चालेलच असे नाही.

ऑइल वाढते कसे?

बहुतेक डिझेल मोटारींत रिजनरेशनसाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा सोडले जाते. त्यातले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइल चेंबरमध्ये उतरते. ही क्रिया साधारण १० ते २० मिनिटे चालते. मध्येच इंजिन बंद केले, तर ती अर्धवट राहते आणि पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते. प्रत्येक वेळी थोडे डिझेल ऑइलमध्ये मिसळत जाते.

माहूरमध्ये हे सहज घडू शकते. गावातून रेणुकामातेच्या गडाकडे किंवा दत्तशिखराकडे जाणाऱ्या फेऱ्या छोट्या असतात. चढ संपतो, गाडी थांबते; उतारावर इंजिनावर भार नसल्याने सायलेन्सर थंड होतो. प्रवाशांची वाट पाहत इंजिन चालू ठेवले, तरी जाळी पुरेशी तापत नाही.

डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचे बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावरच टिकून असते. तो थर तुटला की झीज सुरू होते. ऑइल फारच वाढले, तर क्वचित प्रसंगी इंजिन तेच ओढून जाळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

वेगळी अ‍ॅडिटिव्हची बाटली घालावी का?

गरज नाही. ऑइलमधील घटकांचे प्रमाण कंपनीने जुळवलेले असते. वरून घातलेली बाटली हा तोल बिघडवू शकते, राखही वाढवू शकते. डीपीएफ काढून टाकणे हा तर उपायच नव्हे. वाहनाच्या मूळ रचनेतील असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही.

काय करावे?

- आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेले असेल किंवा डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल बदला. नुसते काढून पातळी कमी करू नका.
- डीपीएफचा दिवा लागला, तर पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवा. नांदेडपर्यंतची एक सलग फेरी या कामी येते.
- छोट्या फेऱ्या, धूळ आणि जादा भार असेल, तर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच ऑइल बदला. एअर फिल्टरही तपासा.
- घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवल्यास टर्बो निवतो.
- पुस्तिकेतील ऑइलच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात कॅनवरचा दर्जा त्याच्याशी ताडून पाहा, सील तपासा आणि बिल घ्या.