पाणी कुठे अडलं? ट्रायम्फ स्टॅगच्या इंजिनाची तपासणी

ट्रायम्फ स्टॅगच्या आठ सिलिंडरांचा खर्जातला घोगरा आवाज एकदा कानात बसला की माणूस त्या गाडीचाच होतो. तरीही तिचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: “ती तापते ना?” तापते. पण का तापते हे समजून घेणाऱ्यांपेक्षा तिला नावं ठेवणारेच जास्त भेटतात. म्हणून या इंजिनाची ओळख सविस्तर करून द्यावीशी वाटते.

1960 च्या दशकाच्या मध्यात कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीतले हॅरी वेबस्टर यांनी वापरलेली एक ट्रायम्फ 2000 इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांच्याकडे सोपवली. त्यांनी तिची चार जण बसतील अशी, टप उघडणारी देखणी गाडी केली आणि ती वेबस्टरना इतकी आवडली, की कंपनीने ती ठेवूनच घेतली. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. तिचं मूळ रूपही मिकेलोत्तींच्याच हातचं. स्टॅग 1970 मध्ये बाजारात आली, 1977 मध्ये बंद झाली. सात वर्षांत सव्वीस हजारही गाड्या निघाल्या नाहीत.

ट्रायम्फकडे एका बाजूला 45 अंश कललेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा आराखडा होता. स्वीडनच्या साब 99 मध्ये बसलं ते त्याच घराण्यातलं इंजिन. तशा दोन रांगा एकमेकींसमोर कलत्या ठेवल्या की व्ही-8 तयार होतं. विचार चांगला होता. आधी ते अडीच लिटरचं ठरलं होतं. वेबस्टर यांच्यानंतर आलेल्या स्पेन किंग यांनी ते 2997 सीसीपर्यंत वाढवलं.

वॉटर पंप कुठे आहे, यावर या इंजिनाचं सगळं दुखणं उभं आहे. तो समोर पट्ट्यावर फिरत नाही. दोन रांगांच्या मधल्या खोबणीत, वर, आतल्या शाफ्टवरच्या गिअरने फिरतो. म्हणजे रेडिएटरच्या माथ्यापेक्षाही पंप उंचावर. अशा रचनेत थोडंसं पाणी कमी झालं, की सगळ्यात आधी कोरडा पडतो तो पंपच. पंपात हवा शिरली की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडभोवती वाफ कोंडते. सेन्सर वाफेत उघडा पडला तर डॅशबोर्डवरचा काटा खरं तापमान सांगेलच असं नाही. आतलं हेड भाजून निघत असतं आणि चालवणारा निर्धास्त असतो. माझ्या मते आराखड्यातली खरी चूक ही एवढीच. बाकीचं बरंचसं निगराणीतलं आहे.

ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक वेळी तापताना-निवताना मधलं गॅस्केट दोन्हीकडून ओढलं जातं. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की गंजही जोरात चढतो. गंजरोधक कूलंट बारा महिने हवं. पण त्या काळात अँटिफ्रीझ हिवाळ्यापुरतं घालून पुढे साधं पाणी भरायची सवय सर्रास होती. गंजाचा चोथा सुटला, ओतकामाच्या साच्यातली वाळू काही ब्लॉकांमध्ये उरलेलीच होती, आणि हे सगळं जाऊन बसलं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत.

म्हणून तापलेली स्टॅग समोर आली की पाना उचलण्याआधी मालकाला विचारावं: कधी तापते? गर्दीत थांबत-थांबत जाताना तापत असेल तर हवा कमी पडते आहे, पंख्याकडे बघा. स्टॅगचा पंखा व्हिस्कस कपलिंगवर चालतो. तापलेलं इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवावा, जड लागला पाहिजे. मोकळा गरगरला तर कपलिंग गेलं. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर हवा भरपूर आहे, पाणीच पुरेसं फिरत नाही. मग रेडिएटर आणि पंप. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवला की गाळाने बुजलेला भाग थंड दाखवतो. त्याच थर्मामीटरने डॅशबोर्डचा काटाही पडताळून घ्यावा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

झाकणाकडे सहसा कुणी बघत नाही. घरच्या कुकरमध्ये दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तेच काम इथे रेडिएटरची कॅप करते. तेरा पौंडांचा दाब धरला तर साधं पाणीही सुमारे 118 अंशांना उकळेल. कॅपची स्प्रिंग सैल पडली की तेच पाणी त्याआधीच उकळून बाहेर पडतं, पातळी उतरते, आणि उंचावरच्या पंपाची गोष्ट पुन्हा सुरू होते. कॅप बदलायला फार पैसे लागत नाहीत. गरम इंजिनावर मात्र ती कधीही उघडू नये, हात भाजतो.

थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात सोडावा, पाणी तापवावं आणि त्याच्यावर कोरलेल्या अंशांजवळ तो उघडतो का ते पाहावं. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल किंवा दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल, तरी इंजिन जास्त तापतं. हे रेडिएटरमध्ये शोधून सापडणार नाही.

एवढं करूनही पाणी घटत असेल, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी आहे. टाकीतली हवा त्या द्रवातून खेचायची. तो पिवळा झाला तर जळलेला वायू पाण्यात मिसळतो आहे. मग हेड काढावं लागतं, आणि तिथे या इंजिनाची खरी परीक्षा असते. हेड धरणारे निम्मे बोल्ट सरळ आहेत आणि निम्मे स्टड तिरके. तिरक्या स्टडवरून हेड सरळ उचलता येत नाही, आधी ते स्टड काढावे लागतात. गंजाने ते हेडमध्ये असे धरून बसलेले असतात, की घाई करणाऱ्या गॅरेजांनी छिन्नी मारून चांगली हेडं फोडली. गंज सोडवणारं तेल रोज घालत राहायचं, थोडं हलवायचं, थांबायचं, कितीही दिवस लागले तरी. निघालेल्या हेडला बाक आला असेल तर पृष्ठभाग घासून घेतात. तो जेमतेम लागेल तेवढाच घासावा. जास्त घासलं तर हेड खाली बसतं आणि दोन रांगांमधला मॅनिफोल्ड नीट जुळत नाही. हेड उतरवलेलीच आहेत तर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन बूच काढून तारेने आतला गाळ खरवडावा. चिखल नुसत्या पाण्याने धुतला जात नाही.

हे सगळं करण्याऐवजी कित्येकांनी मूळ इंजिन काढून रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 किंवा फोर्डचं व्ही-6 बसवलं. गाडी रस्त्यावर राहिली, याबद्दल त्यांना दोष देत नाही. पण तो आवाज गेला, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. स्टॅग ओनर्स क्लबसारख्या मंडळींनी चिकाटीने ज्ञान जमवलं, सुटे भाग पुन्हा उपलब्ध झाले, आणि मूळ इंजिनावर भरवशाने फिरणाऱ्या स्टॅग आज ब्रिटनमध्ये दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना नवा रेडिएटर आणि पाणी घटल्याची सूचना देणारा दिवा असतो. काहींना पंपाहून उंचावर बसवलेली टाकी असते. यातली टाकी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती मूळ चुकीवरच इलाज करते.

जोडणी झाल्यावर पाणी भरतानाही घाई चालत नाही. गाडीचं नाक उंच करावं, हीटरचा नळ उघडा ठेवावा आणि इंजिनाच्या माथ्यावरचा बूच काढून कूलंट सावकाश ओतावं, हवा निघून जाईपर्यंत. मग जवळचीच एक फेरी मारून गाडी रात्रभर निवू द्यावी. सकाळी पातळी उतरलेली दिसेल, ती अडकलेली हवा सुटल्यामुळे. पुन्हा भरावं, पुन्हा फेरी मारावी. सकाळी पातळी जिथल्या तिथे राहू लागली की मग लांबच्या रस्त्याला लागावं.