चावडीवर घडणारे संकेतस्थळ : मराठी विकिपीडिया

• सुरुवात : १ मे २००३, महाराष्ट्र दिन.

• निर्णय : मांडणी, साचे (अनेक पानांवर वापरायचे तयार नमुने), धोरणे यांवर ‘चावडी’ या पानावर उघड चर्चा होते. हरकती ऐकून, सहमती झाली की बदल होतो. मताखाली ~~~~ टाकले की सही आणि वेळ आपोआप उमटते.

• सॉफ्टवेअर : मुक्तस्रोत मीडियाविकी. त्यातील बटणे व सूचनांचे मराठीकरण स्वयंसेवकच ‘ट्रान्सलेटविकी’वर करतात.

• सुरक्षितता : प्रत्येक बदलाची आधीची आवृत्ती ‘इतिहास’मध्ये राहते, त्यामुळे चूक उलटवता येते.

• तुमचा वाटा : लखनौच्या सरोजिनी नगरातून असो वा सांगलीतून, खाते विनामूल्य उघडता येते. साचे दुरुस्त करणारे हात कमी आहेत. संगणकाची जाण असेल तर जरूर पुढे या.