ओढ्याला नळ नसतो! पांढऱ्या पाण्यात कयाक घेऊन उतरताय? आधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागतात. फेसाळणारा ओढा, कड्यावरून खाली झेपावणारी रंगीत कयाक आणि काठावर टाळ्या वाजवणारे मित्र. कोलाडला दोन-तीनदा राफ्टिंग केलेल्यांना मग वाटतं, आता आपणही घाटातल्या एखाद्या ओढ्यात उतरायला हरकत नाही. पण कोलाडची नदी आणि सह्याद्रीतला मोकळा ओढा यांत मोठा फरक आहे. बेत आखण्याआधी तो समजून घ्यायलाच हवा.

कोलाडचं पाणी येतं कुठून?

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळच्या कुंडलिका नदीवर वर्षभर राफ्टिंग चालतं, कारण तिचं पाणी पावसावर नाही, तर विजेवर अवलंबून आहे. मुळशी धरणाचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली भिरा वीज केंद्रात येतं. हे केंद्र १९२७ साली सुरू झालं. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडलं जातं. राफ्टिंगवाले ठरलेल्या वेळी, बहुतेकदा सकाळी, या पाण्यावर बोटी सोडतात. पाणी सुटलं नाही तर त्या दिवशी राफ्टिंगही नाही.

म्हणजे इथे कुणाच्या तरी हातात नळ आहे. मोकळ्या ओढ्याला असा नळ नसतो. घाटमाथ्यावर ढग फुटला आणि खाली कोरडं ऊन असलं, तरी लोंढा तुमच्यापर्यंत येतोच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते बोटिंग करत नव्हते, नुसते पाण्यात उभे होते.

तुमची पायरी ओळखा

नदीच्या खळाळाला जगभर १ ते ६ अशी श्रेणी देतात. १ म्हणजे संथ पाणी, तर ६ म्हणजे जिवावर बेतणारं. कुंडलिका साधारण २ ते ३ मध्ये येते. अवघड ओढे ४ पासून पुढे सुरू होतात. पाणी वाढलं की तोच ओढा एक श्रेणी वर चढतो, हेही लक्षात ठेवा.

राफ्टमध्ये गाइड असतो, कयाकमध्ये तुम्ही एकटे. उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करण्याला ‘रोल’ म्हणतात. तो खळाळत्या पाण्यात, दोन्ही बाजूंनी, न चुकता जमत नसेल तर ओढ्याचा बेत पुढे ढकला. ऋषिकेशला गंगेवर कयाकिंग शिकता येतं. केरळमध्ये कोझिकोडजवळच्या कोडंचेरीला पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. तिथे चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर देशोदेशीचे कयाकर उतरतात. अशा ठिकाणी आधी काठावर उभं राहून पाहा, खूप शिकायला मिळेल.

आधी चाला, मग उतरा

ज्या ओढ्यात उतरायचं, त्याच्या काठाने आधी पायी जा. शक्य असेल तर उन्हाळ्यातही जाऊन या. तेव्हा पाण्याखाली लपणारे खडक आणि कपारी उघड्या दिसतात. या गोष्टी टिपून ठेवा:

• आडवी पडलेली झाडं. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस मात्र अडकतो.

• बंधारे. बुटक्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढतं. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यात काढलेले असले, तरी खांबांमध्ये ओंडके अडकलेले असू शकतात. दोन्ही ठिकाणी बोट खांद्यावर घ्या आणि काठाने पुढे जा.

• बाहेर पडायच्या जागा. दोन्ही बाजूंना कडा असेल, तर मध्येच थांबता येईल का?

गावातल्या लोकांशी बोला. पाणी कोणत्या दगडापर्यंत चढतं, हे त्यांना ठाऊक असतं. वनखात्याची परवानगी लागते का आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का, हेही विचारा.

पाण्याचा जोर किती?

एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. पाच मीटर रुंद आणि एक मीटर खोल ओढा सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल, तर दर सेकंदाला दहा टन पाणी पुढे जातं. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. म्हणून पाण्यात पडलात तर वाहत्या धारेत उभं राहू नका, पाय दगडात अडकतो. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा आणि काठाकडे सरका.

हेल्मेट, अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, शिट्टी आणि दोर भरलेली थ्रो बॅग प्रत्येकाकडे हवी. तिघांपेक्षा कमी जण जाऊ नका. एक अडकला तर दुसरा सोडवतो, तिसरा मदत आणतो. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा आधीच ठरवा: वल्हं आडवं धरलं तर थांबा, तीन लांब शिट्ट्या म्हणजे संकट.

परतायचं कधी, हे घरीच ठरवा

काठावर पोहोचल्यावर, सगळे तयार उभे असताना ‘नको’ म्हणणं अवघड जातं. म्हणून अटी आदल्या रात्रीच लिहून काढा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द. उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. अर्ध्या तासात तो बुडाला तर बेत रद्द. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा येऊ लागला तर लगेच बाहेर. गटातल्या एकानेही ‘नको’ म्हटलं तर कारण न विचारता ऐकायचं.

शेवटचं काम घरच्यांसाठी. दरीत मोबाइलला रेंज नसते. कुठे उतरणार, कुठे बाहेर पडणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार, हे कागदावर लिहून घरी द्या. ती वेळ टळली तर वाट न पाहता ११२ वर फोन करायला सांगा. आई-बाबांनी हा कागद मागितला तर चिडू नका. आणि आई-बाबांनो, मुलं बेत रद्द करून कोरडीच परत आली, तर ‘एवढा खर्च वाया गेला’ असं म्हणू नका. गरम चहा द्या आणि पुढच्या वेळीही असंच वागायला सांगा.