परदेशी गेलात? गावाकडचं बँक खातं बंद करू नका, पण आहे तसंही ठेवू नका



आपल्या कडेगाव-खानापूर भागाला गाव सोडून धंद्याला जाणं काही नवं नाही. आपले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरलेत. त्यांचं गावातलं खातं वर्षानुवर्षं चालू असतं. बँकेत नवा पत्ता दिला की काम झालं.

पण तोच माणूस दुबईला, मस्कतला नाहीतर लंडनला गेला की गोष्ट बदलते. एक वाक्य लक्षात ठेवा: गाव बदललं तर पत्ता बदलतो, देश बदलला तर खात्याचा प्रकार बदलतो.

कायदा काय म्हणतो?

परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, १९९९ चा. तो १ जून २००० पासून लागू आहे. नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी तुम्ही परदेशी राहायला गेलात, की या कायद्याच्या नजरेत तुम्ही अनिवासी झालात. "१८२ दिवस झाल्यावर बघू" असं बरेच जण म्हणतात. इथं गल्लत होते. दिवस मोजायचा तो हिशोब इन्कम टॅक्सचा. बँक खात्यासाठी तुम्ही कशासाठी गेलात ते बघितलं जातं. शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासीच धरते. महिनाभर लेकीकडे राहायला गेलात, तर मात्र यातलं काही लागू नाही.

अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच वापरणं नियमात बसत नाही. कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. पण रोजचा त्रास वेगळाच असतो. केवायसीची वेळ येते, कागद जुळत नाहीत आणि खात्यातले व्यवहार थांबतात. नेमके तेव्हाच आई-वडिलांच्या दवाखान्याला पैसे लागतात. पैसा तुमचाच, पण हात लावता येत नाही.

एनआरओ आणि एनआरई: फरक काय?

एनआरओ: तुमचं जुनं बचत खातं बदलून हेच होतं. भारतातली कमाई यात जमा करायची. उसाचं बिल, घरभाडं, ठेवीचं व्याज, सगळं. इथल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापला जातो, व्याज शंभर रुपये असलं तरी. कर तेवढा लागत नसेल तर रिटर्न भरून परतावा मिळतो. यातून परदेशी पैसे नेता येतात, पण वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, आणि कर भरल्याचे कागद देऊन.

एनआरई: हे नवीन उघडायचं. परदेशातला पगार इथं पाठवायचा. अनिवासी आहात तोवर व्याजावर भारतात कर नाही. पैसे परत न्यायचे तर मर्यादा नाही. गावात मिळालेली रोख रक्कम मात्र यात भरता येत नाही.

आपल्या इथलं उदाहरण घेऊ

समजा, कडेगावचा एक जण दुबईला नोकरीला गेला. दोन एकर ऊस वांगीच्या सोनहिरा कारखान्याला जातो. गावात एक गाळा भाड्यानं दिलाय. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे.

मग त्याची मांडणी अशी: उसाचं बिल आणि गाळ्याचं भाडं एनआरओत. दुबईचा पगार एनआरईत. हप्ता दोन्हीपैकी कुठूनही. शेतीची काळजी नको. आधीची किंवा वारशानं आलेली जमीन अनिवासी झाल्यावरही ठेवता येते, फक्त नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही.

खाते क्रमांक बदलला असेल तर कारखान्याच्या शेती ऑफिसला आणि भाडेकरूला लगेच कळवा. नाहीतर बिल निघतं आणि पैसे परत जातात.

विमानात बसण्याआधीची पाच कामं

१. आधी शाखेत विचारा, "तुमच्याकडे एनआरओ, एनआरई होतं का?" सगळ्याच सहकारी बँकांना ही परवानगी नसते. पतसंस्था तर बँकच नव्हे, तिथं हे होत नाही. तशी वेळ आली तर दुसऱ्या बँकेत खातं काढा.

२. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, पॅन आणि परदेशातला पत्ता, यांच्या प्रती तयार ठेवा. तिथून पाठवायच्या असतील तर भारतीय वकिलात किंवा नोटरीकडून साक्षांकित कराव्या लागतात.

३. मोबाईल नंबर जिवंत ठेवा. ओटीपी त्याच्यावर येतो. सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद पडू शकतं. काही देशांतले नंबर आता एनआरओ, एनआरई खात्याच्या यूपीआयलाही चालतात. यूएई, ओमान, कतार, सौदी, अमेरिका, ब्रिटन त्यात आहेत. तुमची बँक ही सोय देते का ते विचारा.

४. सगळ्या खात्यांना वारस नोंदवा.

५. पीपीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट असेल तर तिथंही कळवा. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं. नवीन काढता येत नाही.

भावाच्या हातात काय द्यायचं?

सह्या करून ठेवलेलं चेकबुक आणि एटीएमचा पिन देऊन जाणारे खूप आहेत. हे करू नका. उद्या वाद झाला तर तुमच्याकडे काहीच कागद नसतो.

रीतसर मार्ग आहे: बँकेचं अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र. त्यावर भाऊ इथली देणी भागवू शकतो. तो तुमच्या खात्यातून कुणाला भेट म्हणून पैसे देऊ शकत नाही, आणि परदेशी पाठवायचेच झाले तर फक्त तुम्हालाच. तुमचंही संरक्षण, भावाचंही.

घरखर्चाला सगळ्यात सोपं काय? आई-वडिलांचं स्वतःचं खातं. महिन्याला त्यात पैसे टाका.

खातं झोपू देऊ नका

दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. बँकेनं टाकलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. दहा वर्षं तसंच राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही, मागता येते, पण हेलपाटे होतात. म्हणून वर्षातून एकदा तरी छोटासा व्यवहार करा. मोहरमच्या ताबूतांना गावी येता ना? तेव्हाच शाखेत जाऊन केवायसी बघून घ्या.

दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर

दुकानाचं चालू खातंही तुमचंच, म्हणून नियम त्यालाही लागू. सही कोण करणार, जीएसटीचं काम कोण बघणार, हे सीएला विचारून जाण्याआधीच ठरवा. मालक तिकडे आणि ओटीपीही तिकडे, असं झालं की धंदा अडतो.

आणि परत आलात तर?

कायमचे परत आलात की पुन्हा बँकेत कळवायचं. एनआरओचं परत साधं खातं होतं. एनआरईही तसंच ठेवता येत नाही.

बँकेत एकदा जाऊन हे काम होतं. घरातलं कुणी परदेशी निघालं असेल तर त्याला आजच हे वाचायला पाठवा. बॅग भरायच्या आधी शाखेत चक्कर मारायला सांगा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.