साक्षीदारास पढवूं नका

छत्तीस वर्षें आम्ही मुलांच्या परीक्षा घेतल्या. आतां उतारवयांत आमची परीक्षा होण्याचे दिवस आले आहेत. वर्षाकांठीं कोणाचें ना कोणाचें रक्त अगर मूत्र तपासावें लागत नाहीं, असें कुटुंब आमच्या ओळखींत तरी उरलें नाहीं. परंतु या परीक्षेंतही लबाडी करतां येते, आणि ती बहुधा घरांतील शहाणीं माणसेंच करतात, हें आम्ही स्वतःच्याच घरीं पाहिलें. त्यांतील एक अपराध तर खुद्द आमचाच आहे. तो वाचकांपुढें मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील बंधू दादा यांस मधुमेह आहे. तपासणीची तारीख ठरली कीं आठवडाभर आधीं ते भात, बटाटा व गोड वर्ज्य करीत, सकाळसंध्याकाळ टेकडीवर फिरावयास जात, आणि एरवीं विसरलेल्या गोळ्या तेवढे दिवस नेमानें घेत. रक्त देऊन परततांना मात्र हातांत जिलबीचा पुडा असे! उपाशीपोटींची साखर १२८ आली कीं तो कागद ते माजघरांत सर्वांस वाचून दाखवीत. तीन वर्षें हा क्रम चालला. पुढें चपलेनें पायाचा आंगठा सोलवटला, जखम भरेना, आणि अखेर तो आंगठा काढावा लागला. त्या वेळीं डॉक्टरांनीं एचबीए१सी नांवाची दुसरी तपासणी करविली. आंकडा आला ८.९. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

या दोन आंकड्यांतील भेद समजून घेण्यासारखा आहे. उपाशीपोटींची साखर ही त्या सकाळची स्थिति सांगते. एचबीए१सीचें तसें नाहीं. आपल्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनास रक्तांतील साखर हळूहळू चिकटत असते. पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. त्यामुळें तिला चिकटलेली साखर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविते. उपाशीपोटीं १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, हें मधुमेहाचें लक्षण मानतात; लक्षणें स्पष्ट नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करितात. आदल्या रात्रीं घोकंपट्टी करून तोंडी परीक्षा साधते, परंतु वर्गांतील रोजची हजेरी साधत नाहीं, हें शिक्षकास निराळें सांगावयास नको. मात्र पंडुरोग असल्यास किंवा नुकतेंच दुसऱ्याचें रक्त दिलेलें असल्यास हा आंकडाही फसवितो. म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनींच लावावा.

मूत्रपरीक्षेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंग्या व भुंगे मूत्राकडे धांवतात, हें प्रमेहाचें पूर्वरूप चरकसंहितेंत नमूद आहे. विसाव्या शतकांत बेनेडिक्टचें निळें द्रावण आलें. त्यांत मूत्राचे थेंब टाकून तापविलें असतां, साखरेच्या मानानें रंग हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटीं विटकरी होत असे. आतां बहुतेक ठिकाणीं ती जागा रंगीत पट्टीनें घेतली आहे. परंतु रक्तांतील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावांचून ती मूत्रांत सहसा उतरत नाहीं. धरण भरल्यावरच सांडव्यावरून पाणी वाहतें. सांडवा कोरडा दिसला म्हणून धरण रिकामें आहे असें समजूं नये.

आतां आमचा अपराध. गतवर्षीं सूनबाईस लघवीच्या वेळीं जळजळ होऊन ताप आला. कपाटांत कोणाच्या तरी आजारांतील चार कॅप्सुली शिल्लक होत्या. त्या आम्हीं वडीलकीच्या अधिकारानें तिला दिल्या, आणि मग नमुना तपासावयास पाठविला. उत्तर आलें, ‘जंतूंची वाढ नाहीं.’ आम्हांस समाधान वाटलें. पांचव्या दिवशीं हुडहुडी भरून ताप उलटला, विकार मूत्रपिंडापर्यंत पोंचला, आणि तिला आठ दिवस इस्पितळांत काढावे लागले. डॉक्टर आम्हांस म्हणाले, “मास्तर, चोराला अर्धमेला करून लपवलात, आणि मग पंचनाम्याला आम्हांला बोलावलंत!”

हा पंचनामा म्हणजे जंतूंची लागवड. नमुन्याचा अंश पोषक थरावर पसरून तो शरीराइतक्या उष्णतेंत ठेवितात. साधारण एका दिवसांत जंतूंच्या वसाहती ठिपक्यांसारख्या दिसूं लागतात. मग निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवून पाहतात. ज्या चकतीभोंवतीं पुरेसें मोकळें वर्तुळ राहतें, तें औषध लागू पडण्याचा संभव अधिक. हा थर आगरचा असतो, आणि त्याचें श्रेय एका गृहिणीकडे जातें. पूर्वीं जिलेटिन वापरीत. तें उष्णतेनें वितळे. १८८१ च्या सुमारास जर्मनींत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत काम करणारे वाल्टर हेसे यांस त्यांची पत्नी फॅनी हिनें सुचविलें कीं, जेलीसाठीं आपण वापरतों तें आगर घेऊन पाहा. आपल्या स्वयंपाकघरांतील चायना ग्रास तें हेंच.

तेव्हां घरोघरीं इतकें पाळावें. उपाशीपोटींच्या तपासणीपूर्वीं निदान आठ तास अन्न व चहा नको, पाणी चालतें. मूत्राच्या लागवडीसाठीं अंग स्वच्छ धुवून, पहिली धार सोडून, मधली धार प्रयोगशाळेनें दिलेल्या निर्जंतुक डबींतच धरावी, आणि तासा-दोन तासांत पोंचवावी. विलंब होणार असल्यास शीतकपाटांत ठेवावी. जंतुनाशक औषध घेतलें असल्यास तें लपवूं नये. दुखणें गंभीर असेल तर नमुन्यासाठीं औषध थांबवावें कीं नाहीं हें डॉक्टर ठरवितील. घरांतील वडील माणसांनीं तें ठरवूं नये. तपासणी ही साक्षीदार आहे. तिला आपण पढविलें, तर ती पढविलेलेंच सांगणार, आणि शिक्षा मात्र आपल्याच देहास होणार.

आमच्या कपाटांत आतां शिल्लक औषध राहत नाहीं. दादांनीं गेल्या महिन्यांत कोणतीही तयारी न करितां रक्त दिलें, आणि आलेला कागद कोणास वाचून न दाखवितां मुकाट्यानें डॉक्टरांपुढें ठेविला. आंकडा होता ७.६. तो उत्तम नव्हता. पण खरा होता.